वाऱ्याचा नवस

तिसरा दिवस उजाडला तरी कस्दीला वारा सरला नाही, आणि मुगियोला कुठे बसवेना.

बसवेना हे तसं त्याचं नेहमीचंच. आमच्या केदुंगसारी गावात चार माणसं गप्पा मारत बसलेली असली आणि एक उभं असलं, तर उभा तो मुगियो. चहाचा पेला हातात घेऊन येरझाऱ्या घालील, लुंगीची गाठ सोडील, पुन्हा बांधील, बोलता बोलता टोफूच्या भट्टीत डोकावून येईल. त्याची बायको वार्तिनी वैतागून म्हणायची, "पाकने, तुमच्या ढुंगणाला मुंग्या लागल्यात का हो?" पाकने म्हणजे पोरांचा बाप. पण त्या आठवड्यात त्याने कहर केला. एका सकाळीत मोटारसायकलवरून तीनदा इस्पितळात जाऊन आला, आणि तिन्ही वेळा खाटेजवळ पोचायच्या आधीच विचारलं,

"सरला?"

"नाही हो," कस्दीची बायको लासिनेम म्हणाली.

कस्दीच्या आतड्याला पीळ पडला होता. पोट उघडून तो सोडवला, टाके घातले, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही. आमच्याकडे कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं की गाव फक्त एवढ्याच गोष्टीची वाट बघतो. भेटायला आलेला माणूस बरं वाटतंय का म्हणून विचारत नाही, पादलास का म्हणून विचारतो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तर कस्दीला आधी कधी भेटलेलासुद्धा नव्हता, पण सकाळी डोळे उघडले की पहिली चौकशी तीच. आणि हा वारा अडला कुणाचा, तर कस्दीचा! ज्याच्या पादण्यावर केदुंगसारीने तीस वर्षं करमणूक करून घेतली, त्याचा.

लासिनेमने नर्सची नजर चुकवून त्याच्या पाठीला कायपुटीचं तेल चोळलं आणि नाण्याने पाठ खरवडली. अंगात शिरलेला वारा असाच काढायचा, ही आमची पिढीजात विद्या. पाठभर लाल पट्टे उठले, वारा काही निघाला नाही. नर्सने ते पट्टे पाहिले तेव्हा लासिनेमला असा दम भरला की शेजारच्या वॉर्डातली माणसं बघायला आली.

दुपारी भेटायच्या वेळेला टोफूच्या भट्टीवरची सगळी टोळी हजर झाली. पुढे अर्थातच तुमिजान. हा मुगियो आणि कस्दीपेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून दोघांनाही कांग म्हणतो, म्हणजे दादा. जिभेला हाड नाही, पण मनाने निर्मळ. त्याने येताच खाटेच्या कडेला बूड टेकलं आणि जाहीर केलं की औषधांनी जे होत नाही ते हसण्याने होतं.

"आजोबा, तुम्हाला सुपारीच्या खांबाची गोष्ट ठाऊक नाही," तो शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला. "ऑगस्टात, स्वातंत्र्याच्या दिवशी. खांबाला वंगण फासलेलं आणि टोकाला सायकल टांगलेली. सायकल, आजोबा! सगळ्यात खाली मी. माझ्या खांद्यावर कांग कस्दी. त्याच्यावर दोघं. सगळ्यात वरच्याचा हात चाकाला लागला होता, आणि ह्या गृहस्थाने माझ्या कानात..."

"कानात नव्हे रे, टाळूवर," कस्दी क्षीण आवाजात म्हणाला.

"टाळूवर! असा आवाज काढला की मला वाटलं खांबच चिरला. मी सगळं सोडून पळालो."

"आणि सायकल?"

"सायकल पलीकडच्या गावाने नेली. अजून चालवतात."

वॉर्ड हसला. कस्दीने दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. "हसवू नका रे मेल्यांनो, टाके उसवतील." मग सेमारांगच्या बसची गोष्ट झाली, ज्यात कस्दीने आपला गुन्हा पिंजऱ्यातल्या कोंबड्यावर ढकलला होता आणि कंडक्टरने कोंबड्याला खाली उतरवलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, "आता मशिदीतली होऊ दे."

मुगियो ताडकन खिडकीपासून निघाला. "मी पाणी घेऊन येतो."

"कुणाला? ह्याला प्यायचं नाहीये," तुमिजान म्हणाला. "थांब की कांग, तूसुद्धा आहेस ह्या गोष्टीत. तर आजोबा, जुम्म्याची नमाज. मी मागच्या रांगेत. पुढच्या रांगेत भट्टीचे मालक हाजी दुल्मनान, त्यांना लागून हा कांग मुगियो, आणि त्याला लागून कांग कस्दी. सगळे वाकलेले. चिडीचूप. आणि तेवढ्यात, पर्रर्र! नमाजात हसलं की नमाज गेली, म्हणून दोन रांगा ओठ चावून नुसत्या थरथरतायत. आता ज्याचा वारा सरला त्याची वजू तुटली, त्याने उठून पुन्हा हातपाय धुवायला जायचं. शहाणी माणसं घोळणा फुटल्यासारखं नाक धरून सटकतात. पण हा बहाद्दर? खाकरला, हात हलवत हलवत रांगेतून बाहेर पडला आणि लग्नाला निघाल्यासारखा हौदावर गेला!"

"जायचंच तर ऐटीत जावं," कस्दी म्हणाला. त्याची नजर क्षणभर मुगियोवर गेली आणि पुन्हा छताकडे वळली.

सगळे हसत होते, आणि मुगियो दाराच्या चौकटीला नखाने खरवडत उभा होता. कारण तो वारा कस्दीचा नव्हता. तो मुगियोचा होता.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघंही चोवीस वर्षांचे, हाजींच्या भट्टीवर भिजल्या सोयाबीनच्या बादल्या वाहणारे. वार्तिनी हाजींची मुलगी. त्यांनी त्या जुम्म्याला मुगियोला सांगितलं होतं, "आज माझ्या शेजारी उभा राहा, नमाज झाली की वार्तिनीबद्दल बोलू." मुगियो रात्रभर झोपला नव्हता आणि सकाळी जीव घाबराघुबरा झाला म्हणून त्याने सोयाबीनच्या चोथ्याच्या तळलेल्या वड्या अकरा खाल्ल्या होत्या. ज्याने त्या खाल्ल्या असतील त्याला पुढचं सांगायला नको. एरवी भट्टीवर कुणाचं काही निसटलं तर आंबलेल्या पाण्याच्या वासात ते खपून जाई. मशिदीत कसं खपणार? तो वाकला, आवाज झाला, आणि त्याचे पाय जमिनीला चिकटले. जावं की न जावं, असा एक क्षण गेला असेल. तेवढ्यात कस्दी निघाला. मुगियो मात्र वजू तुटलेल्या अंगाने हाजींच्या शेजारी उठत-वाकत राहिला, आणि नमाज संपल्यावर त्याचं लग्न ठरलं.

ती नमाज त्याने घरी जाऊन पुन्हा अदा केली. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. तेवढ्याने भागलं असतं तर काय हवं होतं! पण कस्दीचा गळा फार गोड होता. दोन महिने तोच बांग देत होता, आणि ती ऐकताना बायका कढईतला झारा तसाच धरून ठेवायच्या. मशिदीत नवा लाऊडस्पीकर बसणार होता आणि हाजी ते काम कायमचं कस्दीकडे देणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कस्दीने तर त्या दिवसासाठी पांढरा सदरा शिवून ठेवला होता. जुम्म्यानंतर अंगणात हाजी म्हणाले, "ज्याला खालचा वारा आवरत नाही, त्याच्या तोंडाशी लाऊडस्पीकर कसा द्यायचा?" माणसं पोट धरधरून हसली. कस्दीही हसला. लाऊडस्पीकर गेला होणाऱ्या जावयाकडे, आणि तेव्हापासून केदुंगसारी दिवसातून पाच वेळा मुगियोचा गंजलेल्या कडीसारखा आवाज ऐकतेय.

सांगायचं त्याने हजार वेळा ठरवलं असेल. पादरट माणूस, दुसरं काय! मला विचाराल तर त्याच्या ढुंगणाला मुंग्या लागल्या त्या तेव्हापासून.

त्या दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, कस्दीच्या पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आतडी अजून झोपलीयेत. उद्या दुपारपर्यंत वाट बघू, नाहीतर पुन्हा उघडावं लागेल." लासिनेम खाली फरशीवरच बसली. मुगियो जिने उतरला, पुन्हा चढला, आणि शेवटी इस्पितळाच्या नमाजाच्या खोलीत शिरून भिंतीकडे तोंड करून नवस बोलला. उद्या दुपारपर्यंत कस्दीचा वारा सरू दे. संकट टळलं म्हणून त्याच्या घरी गावाला स्लामेतानचं जेवण होईल, तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहून मी खरं काय ते सांगेन.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता भट्टीवर फोन आला. तुमिजान एवढा ओरडत होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"सरला! कांग, सरला! असातसा नाही, शेजारचे आजोबा दचकून उठून बसले! नर्सने टाळ्या वाजवल्या! लासिनेम रडतेय आणि म्हणतेय, अजून एक सोडा, अजून एक!"

भट्टीवर एकच गलका झाला. कुणी बादली बडवली, कुणी देवाचे आभार मानले. मुगियो उपड्या पाटीवर मटकन बसला आणि त्याचे डोळे भरून आले. कस्दी वाचला होता. मग त्याला नवस आठवला आणि तो उठून उभा राहिला.

पुढचा आठवडा त्याने देवाशी घासाघीस करण्यात घालवला. एकट्या कस्दीला सांगितलं तर नाही का चालणार? कानात? सगळ्यांसमोर म्हणजे तिघं-चौघं पुरतील का? पण नवस मोडला तर कस्दीच्याच आतड्याला पुन्हा पीळ पडेल, ह्याची त्याला खात्री होती. दोनदा सोयाबीनचं दूध करपलं आणि टोफूला जळकट वास आला. एकदा जेवताना त्याने वार्तिनीला हाक मारली. ती म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"चाखलं तरी आहे का तुम्ही?" ती म्हणाली. ताट तसंच होतं.

स्लामेतान कस्दीच्या घरी होतं, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, ऊन कलल्यावर. चटयांवर बारा-तेरा पुरुष, मधोमध केळीच्या पानावर भाताची रास, उकडलेली अंडी, शेंगदाण्याच्या चटणीतला पाला, आणि मुगियोने पाठवलेला गुळातला टोफू. बायका पडद्याआड स्वयंपाकघरात. कस्दी भिंतीला उशी लावून बसला होता, निम्मा झालेला, पुढ्यात पेजेची वाटी. दुवा झाली, हात भाताकडे गेले, आणि तुमिजानने तोंड उघडलं, "तर मंडळी, इस्पितळातला तो ऐतिहासिक वारा..."

"थांब," मुगियो म्हणाला. तो आधीच उभा होता. "मला एक सांगायचंय. मशिदीतला तो वारा कस्दीचा नव्हता. माझा होता."

माणसं खो खो हसली.

"बघा, बघा!" तुमिजान म्हणाला. "इस्पितळात कांग कस्दीचं नाव झालं, तर ह्याला पोटात दुखायला लागलं! अरे, तुझा तू वेगळा सोड की कांग, दुसऱ्याचा कशाला चोरतोस?"

"हसू नका रे. माझाच होता. हाजी शेजारी होते, वार्तिनीचं बोलणं व्हायचं होतं. मी हललो नाही. हा उठून गेला. ह्याने माझ्यासाठी..." लुंगीची गाठ त्याच्या हातात तशीच राहिली.

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. पडद्याआडची भांडी थांबली आणि वार्तिनी दारात येऊन उभी राहिली. "म्हणजे बाबा जे सगळ्यांपुढे म्हणाले होते," ती म्हणाली, "ते तुमच्याबद्दल?"

"हो."

आता सगळे कस्दीकडे बघत होते. तो चमच्याने पेज ढवळत होता.

"मला माहीत होतं की," तो म्हणाला. "मी शेजारी उभा होतो. आवाज कुठून आला ते कळायला काय अक्कल लागते?"

"मग कांग, तू बोलला का नाहीस?" तुमिजानने विचारलं. पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"ह्याचं लग्न ठरत होतं. म्हटलं, एक वारा तो काय, घेऊ आपल्या अंगावर. चार दिवसांनी हाच सांगेल." कस्दीने मुगियोकडे मान वर करून बघितलं. "मग म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगेल. मग तुला पोरगी झाली. हाजी गेले, त्या दिवशी मी कबरीपाशी मुद्दाम तुझ्या शेजारी येऊन उभा राहिलो होतो, आठवतं? म्हटलं, आता तरी काही बोलशील. तू म्हणालास, ऊन फार आहे."

मुगियोला आठवत होतं.

"त्यानंतर मी वाट बघायचं सोडलं. लोक हसतच होते. म्हटलं, हसायचंच आहे तर आपणच जरा रंगवून सांगू."

"चुकलो मी, कस्दी."

"चुकलास," कस्दी म्हणाला. "बस आता. भात गार होतोय."

मुगियो बसला. बाहेर ऊन पिवळं पडलं तसं सवयीने दोघा-तिघांनी घड्याळाकडे आणि मग मुगियोकडे पाहिलं. संध्याकाळच्या बांगेची वेळ होत आली होती.

"मी देणार नाही," मुगियो म्हणाला. "कस्दी, तू दे."

"अहो, डॉक्टरीणबाईंनी जोर लावायला मना केलंय," लासिनेम आतून म्हणाली. "अजून नीट खोकता येत नाही त्यांना."

कस्दीने वाटी बाजूला सारली, हात धुतला आणि म्हणाला, "माझा सदरा दे." कुठला ते लासिनेमने विचारलं नाही. जो हाताला लागला तो दिला.

मशीद चार घरं टाकून. कस्दी एक हात पोटाशी धरून चालला, तुमिजानने त्याचा दुसरा दंड धरला, आणि बाकीचे मिरवणुकीत चालावं तसे गुपचूप मागे. मुगियो हौदापाशी थांबला. नळ सोडून त्याने एक पाय धुवायला घेतला आणि तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला.

मुगियोच्या कानात इतकी वर्षं चोवीस वर्षांच्या कस्दीचा गळा होता. तोच आता ऐकू येईल, असं त्याने वेड्यासारखं धरून ठेवलं होतं. आला तो एका आजारी माणसाचा आवाज. पहिल्या हाकेलाच तो फाटला. दुसरीला दम पुरला नाही, मध्येच थांबला, आणि कस्दीचं धापा टाकणं सगळ्या गावाला ऐकू गेलं. मग त्याने जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं, हळूहळू, शब्द मोजल्यासारखे, आणि शेवटपर्यंत नेलं. मुगियो नळाखाली पाय तसाच धरून रडला. त्या आवाजाची एकतीस वर्षं त्याने खाल्ली होती, आणि ती परत करता येत नव्हती.

मशिदीच्या फाटकाबाहेर बू रुबिंगा, म्हणजे रुबिंगाबाई, केळ्याची भजी तळत होती. कढईतून मान वर न करता तिने समोरच्या घरातल्या बाईला विचारलं, "अगं, आज मुगियोचा आवाज अगदीच बसलाय, नाही? बरं नाही वाटतं त्याला?"

मुगियो एका ओल्या आणि एका कोरड्या पायाने फाटकातून बाहेर आला.

"मी हा इथे आहे, बू. बांग कस्दीने दिली."

"कुठला कस्दी? तो पादरा?"

"पादलो मी होतो," मुगियो म्हणाला. "त्या जुम्म्याला. तो नव्हे, मी."

बू रुबिंगा झारा हातात धरून बघतच राहिली. आत रांगा लागत होत्या, कुणीतरी त्याला हाक मारली. पण समोरची बाई खिडकीतून डोकावून काय झालं, काय झालं असं विचारत होती, तेव्हा मुगियो गल्ली ओलांडून आधी तिला सांगायला गेला.